दुसरा मजला, चौथा मजला
दुसऱ्या मजल्यावरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दुप्पट केली, की पंधरा दिवसांनी चौथ्या मजल्यावरचे किडनीचे डॉक्टर ती निम्मी करत. चार महिने हेच चाललं होतं.

बाबांनी चाळीस वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. आता त्यांचं हृदय दमलं होतं, पावलं सुजत होती. त्यांची थोरली लेक शाळेत गणित शिकवायची. अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून तीच त्यांना हॉस्पिटलात वर-खाली न्यायची. रक्ताचे दोन आकडे तिला तोंडपाठ झाले होते: एक हृदयावरचा ताण सांगणारा, दुसरा किडनीचा, क्रिएटिनिन. गोळी वाढली की पहिला उतरे आणि दुसरा चढे; कमी केली की उलट.

"क्रिएटिनिन दोन पॉइंट तीन! गोळी कुणी वाढवली?" चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर कडाडले.

"खालच्या डॉक्टरांनी."

"त्यांना सांगा, किडनी जाईल अशाने."

तिने खाली जाऊन सांगितलं. खालचे म्हणाले, "त्यांना सांगा, छातीत पाणी भरेल."

तिचं डोकंच सणकलं. ती खुर्चीत घट्ट बसली.

"मी कुणाला काही सांगणार नाही. मी काय टपाल आहे? फोन समोर आहे, तुम्हीच बोला. तोवर मी इथून हलत नाही."

"अगं, बाहेर लोक खोळंबलेत," बाबा पुटपुटले.

"खोळंबू देत!"

डॉक्टरांनी फोन लावला. बोलता बोलता त्यांनी मध्येच मान वळवली. "बाबा, आणखी कुठली गोळी घेता? दुखण्याची वगैरे?"

बाबा खाली बघू लागले. "या कोपऱ्यातल्या फरशीचा उतार चुकलाय."

"बाबा!"

"घेतो एक. गुडघ्यांसाठी. सकाळ-संध्याकाळ."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू हृदयाच्या गोळ्या विचारायचीस. ही गुडघ्याची आहे."

तिला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ती डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होती, आणि हे महाराज गप्प! अर्थात डॉक्टरांनीही विचारलं नव्हतंच. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने विचारलं असेल. डॉक्टर जरा ओशाळले. ती गोळी किडनीला मारते आणि अंगात पाणीही साठवते, असं त्यांनी सांगितलं. फोनवर दोघांचं एकमत झालं: ती बंद, लघवीची गोळी एकाच मापाने, आणि सूज उतरत असेल तर क्रिएटिनिन थोडं चढलं तरी घाबरायचं नाही.

तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन एक पॉइंट सातवर आलं. हृदयाचा आकडा निम्म्यावर आला आणि बाबांना चपला बसू लागल्या. किडनी पूर्वीसारखी होणार नव्हती, हे दोन्ही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

गुडघ्यांना आता गोळीऐवजी मलम होतं. बाबांची कुरकुर मात्र दिवसभर चालू. "या मलमाने काडीचा फरक पडत नाही."

"चोळा," ती वह्या तपासत म्हणाली.

"चोळतोय की."

"मग तोंड बंद ठेवून चोळा."