लांबूनचा कॅमेरा

बायको गौरम्मा गेल्याचं कळलं तेव्हा भीमाशंकर चाकूरला अंगणात मूग वाळत घालत होता. बचत गटाच्या बाया टेम्पो करून इस्लापूरच्या पुढं धबधबा बघायला गेल्या होत्या. फोन शेजारच्या बेगमबीचा होता, पण ती बोलेचना, नुसती रडत होती. त्याला वाटलं टेम्पो उलटला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, गौरम्मा पाण्यात गेली!"

तिचा मोबाईल खडकावर कोरडा सापडला.

लेक साक्षी नांदेडला शिकत होती. त्या दिवशी सकाळी तिनंच आईला फोनवर सांगितलं होतं, "आई, झूम करू नको, फोटो फुटतो. जवळ जाऊन काढ." माती झाल्यावर हे तिनं आपल्याच तोंडानं चारचौघांत सांगितलं, छाती बडवून. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही.

आता वर्ष होत आलं. परवा साक्षीचा फोन आला.

"अप्पा, आईचा राहिलेला धबधब्याचा फोटो मी काढणार. पुण्यस्मरणाला घरात लावायचा. रविवारी रूमवरच्या अर्शियाला घेऊन जाते. मला झूमचा कॅमेरा घेऊन द्या. न्हाई जमलं तर मोबाईल हायच."

भीमाशंकरला वाटलं, जाऊ नको म्हणावं तर पोर म्हणेल, अप्पांनी मनात दोष माझ्यावरच ठेवलाय. तो "बघतो" म्हणाला. मग त्याला सुचलं, झूम चांगला असला तर पोर लांबच उभी राहील. त्या आशेवर त्यानं लातूरची बस धरली.

गंजगोलाईजवळ जलीलचं दुकान. पूर्वी तो लग्नाचे फोटो काढायचा, आता जुने-नवे कॅमेरे विकायचा. त्यानं काउंटरवर तीन मांडले.

"हा बारका, खिशात बसतो. पाच पट झूम. हा दहा पट. आन् हा तीस पट, नळी बघा कशी बाहेर येती."

"किती लांबून येतो ते सांगा, जलीलभाई."

"लोकं पिक्सेल विचारतात, अप्पा. पोरी तर आधी आरशात बघतात, हातात शोभतो का. लांबून विचारणारे तुम्हीच पहिले. वाघबिघ बघायला चाललाव का?"

"धबधबा."

"मग दहा पट लई झाला. तीस पटाला हात जरा हलला की फोटो गेला."

"खडकावर न जाता येतो का?"

जलीलचं हसू थांबलं. "कोणत्या खडकावर?"

भीमाशंकर तीस पटाची नळी आत-बाहेर करू लागला. जलीलनं तिन्ही कॅमेरे उचलले. "चला, बाहेर धरून बघा. दुकानात काय कळतंय."

दुकानापुढं कमरेएवढा उंच ओटा होता, खाली रस्ता. पार लांब पाण्याची टाकी, तिच्या कठड्यावर कावळा. पाच पटात कावळा म्हणजे नुसता ठिपका. दहा पटात त्याला पंख आले. तीस पटात तर त्याची चोच उघडलेली दिसली. एवढ्या लांबचं एवढं जवळ! कावळा उडाला तसा भीमाशंकरनं कॅमेरा त्याच्या मागं फिरवला. कावळा सुटू नये म्हणून तोही सरकला. आणखी सरकला.

मागून कुणीतरी त्याचा सदरा गच्च धरून ओढला. खालून हॉर्न वाजवत टेम्पो निघून गेला. त्याचा एक पाय ओट्याच्या बाहेर होता.

"अप्पा! डोळा तिकडं, पाय कुठं?" जलील ओरडला.

भीमाशंकर तिथंच खाली बसला. गौरम्मानं तर झूमसुद्धा केला नव्हता.

"पाणी प्या. काय झालं?"

"ह्यात पाय दिसत न्हाईत, जलीलभाई."

"कॅमेऱ्यात पाय कशाला दिसतील?"

तेवढ्यात साक्षीचा फोन आला. "मिळाला का, अप्पा? किती झूमचा?"

जलील शेजारूनच मोठ्यानं म्हणाला, "तीस पट हाय, बाई!"

"तीस? मग तर खडकाच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडची धार हाताला लागल्यावानी येईल! आईला तीच पाहिजे होती."

कॅमेरा नाही दिला तर ती मोबाईल घेऊन जवळ जाणार. दिला तर टोकाला जाणार.

"साक्षी..."

"बोला की."

तिच्यामागं अर्शिया कशाला तरी हसत होती. वर्षानं लेकीच्या आवाजात त्याला थोडी उभारी ऐकू येत होती.

"काय न्हाई. जेवलीस का?"

"हाव, जेवले. ठेवते."

जलीलनं तीस पटाचा कॅमेरा खोक्यात घालून दिला. भीमाशंकर ते मांडीवर घेऊन चाकूरच्या बसमध्ये बसला. बस सुटली तसा त्यानं दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खिशात ठेवला.

रविवार जवळ आला आहे. जाऊ नको, एवढंच पोरीला म्हणायचं आहे. ते अजून म्हणायचं राहिलं आहे.