महाराजांचं हाड

नाटकात दर प्रयोगाला एकट्याने दहा सैनिकांना लोळवणारे महाराज सिंहासनाच्या दोन पायऱ्या उतरताना पडले. तेही पडदा पडल्यावर, हातात चहाचा कप असताना. नडगीचं हाड मोडलं. कप शाबूत राहिला.

जन्मभर राजाचीच कामं केल्यामुळे घरीदारी सगळे त्यांना महाराजच म्हणत. बायकोही म्हणे, फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाला जरा वेगळी धार असे. ती त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, आणि महाराजांचा शब्द अडला की हळूच पुढचा पुरवायचा. महाराजांचा शब्द बराच अडे.

ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली, महिन्यांमागून महिने गेले. पण एक्स-रेत भेग होती तिथेच. भिंतीला पडलेली भेगसुद्धा एवढ्या काळात कुणीतरी लिंपली असती. बघायला येणारा प्रत्येक जण एक रामबाण उपाय ठेवून जाई आणि बिस्किटं संपवून जाई. महाराज पलंगावर पडून सगळ्यांचं ऐकत. पडून राहण्याचं काम त्यांना छान जमलं होतं.

शेवटी बायको त्यांना हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"सिगारेट ओढता?" बाईंनी विचारलं.

"छे! कधीच सोडली."

बायकोने त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे नुसतं पाहिलं. खिसा चौकोनी फुगला होता. बाईंनी पाकीट काढून घेतलं आणि टेबलाच्या खणात टाकलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मानेतल्या चिमुकल्या ग्रंथींमधून एक हार्मोन निघतं. ते शरीरात सतत जास्त राहिलं, तर हाडं पोखरतं; पण रोज एकदाच, थोडंसं टोचलं, तर हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतं. "हे औषध मुळात ठिसूळ हाडांसाठी आहे. न जुळणाऱ्या हाडाला काहींना उपयोग झालाय, पण खात्री देत नाही. पुन्हा ऑपरेशन करण्याआधी बघायचं का? रोज पोटावर टोचायचं."

"रोज?" महाराजांचा आवाज राजवाड्यातून थेट तळघरात गेला.

"पेनसारखं असतं. घरीच घेता येतं."

"मग मी स्वतःच घेईन," महाराज छाती काढून म्हणाले. "आणि एकांतात. मला प्रेक्षक नकोत."

प्रेक्षक नकोत, हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. बायकोला तिथेच शंका यायला हवी होती.

रोज सकाळी महाराज फ्रिजमधून पेन काढत, कुबड्या टेकत आतल्या खोलीत जात आणि कडी लावत. थोड्या वेळाने आतून आवाज येई, "आई गं…!" मग घाम पुसत बाहेर येत. बायकोला दया येई. ती चहात साखर जास्त घालू लागली.

पुढच्या एक्स-रेत मात्र काडीचा फरक नव्हता. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. घरी येताना बायकोच्या कानात ते "आई गं" घुमत होतं. पहिला शब्द लांबवायचा, दुसऱ्यावर हुंदका. हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. कुठे म्हणजे? तिसऱ्या अंकात, राजाच्या छातीत बाण लागतो तेव्हा!

दुसऱ्या दिवशी ती दाराला कान लावून उभी राहिली. आतून "आई गं…!" आलं. तिने विंगेतल्या आवाजात पुढचं वाक्य सोडलं, "सेनापती, माझी तलवार!"

"सेनापती, माझी तलवार!" महाराज आतून गरजले.

मग हळूच कडी निघाली. महाराजांच्या हातात पेन होतं, आणि खिडकीतल्या कुंडीतली माती ओली होती.

"वा! रोपाची हाडं मजबूत झाली असतील," बायको म्हणाली. "सुईला एवढं घाबरता?"

"सुईला नाही गं." महाराज पलंगावर बसले. पुढचं बोलायला त्यांना जड गेलं, आणि या वेळी शब्द पुरवायला तिच्याकडे काही नव्हतं. "हाड जुळलं, तर परत जावं लागेल. माझ्या जागी तो नवा पोरगा उभा राहतोय ना… लोक म्हणतात, छान करतो."

"छानच करतो," ती म्हणाली. "मी रोज विंगेत बसून जांभया देते. त्याला एक शब्द सांगावा लागत नाही."

महाराजांचे डोळे भरले. हे अश्रू कुठल्याच अंकातले नव्हते. ती थोडी वरमली, शेजारी बसली.

"म्हणून काय, जन्मभर लंगडायचं? नवऱ्याला लंगडा ठेवून मला कुठलं पारितोषिक मिळणार आहे? शर्ट वर करा."

"आत्ता कुंडीत—"

"नवा डोस उद्या. आज नुसती जागा बघून ठेवते. भरपूर आहे."

दुसऱ्या दिवसापासून टोचण्याचं काम तिने हातात घेतलं. महाराज एकदाही ओरडले नाहीत. ओरडण्यासारखं काही नव्हतंच. मुंगी चावल्याइतकंही नाही. सिगारेटही सुटली, कारण ती खिसे तपासायची. टोचून झालं तरी दोघं तिथेच बसून राहत. तो नवा राजा तलवार उलटी कशी धरतो, कंपनीचा मालक हल्ली केस का रंगवतो, असल्या गप्पा. इतक्या वर्षांत इतकं साधं बोलणं त्यांच्यात झालं नव्हतं.

काही महिन्यांनी एक्स-रेत भेगेवर धुरकट पांढरं हाड दिसलं, मग ते भरीव झालं. "औषधाने, सिगारेट सोडल्याने की नुसत्या काळाने, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जुळलं. इंजेक्शन आता बंद."

कंपनीने महाराजांना म्हाताऱ्या प्रधानाचं काम दिलं. दोन दिवस त्यांनी जेवणावर राग काढला, म्हणजे दुप्पट जेवले. मग काम घेतलं.

इंजेक्शन बंद झाल्याच्या दुसऱ्या सकाळी ती आतल्या खोलीत डोकावली, तर महाराज शर्ट वर करून पलंगावर बसलेले.

"अहो, संपलं ते."

"माहीत आहे," महाराज शर्ट खाली ओढत म्हणाले. "तू बस ना जरा."

चहा उतू जाईल, असं ती म्हणाली. आणि बसली.