वाचले. हरकत नाही.

नत्थूजी साटोणे यांच्या घशाखाली कादंबरी काही उतरत नसे. तिसऱ्या पानावर ती अडकायची आणि चौथ्यावर नत्थूजींचा डोळा लागायचा. अख्ख्या अल्लीपुरात हे त्यांच्या बायकोला, रुख्मिणीबाईंना, तेवढं माहीत होतं, आणि त्यांना ते घोरण्यावरून कळलं होतं.

दोष एकट्या नत्थूजींचा नव्हता. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत बाबूगिरी केलेला माणूस. कागद हातात आला की नजर आधी 'विषय' बघणार, मग 'संदर्भ', मग सरळ खाली, मागणी काय आणि सही कोणाची. कादंबरीत यातलं काहीच जागेवर नसतं.

"तीन पानं झाली," ते वैतागून म्हणायचे, "कोंबडा आरवून राह्यला, बाई आंगण झाडून राह्यली. पण तिची मागणी काय हाय? आन् हे सारं झालंच नाई कधी! जे झालंच नाई थे काऊन वाचाचं?"

"मंग नका वाचू," रुख्मिणीबाई म्हणायच्या. "पुस्तकावर लाळ तरी गळनार नाई."

आणि अशा माणसाला एके दिवशी पत्र आलं की, ग्रामप्रबोधन वाचनालयाचा यंदाचा 'आदर्श वाचक' सन्मान आपणास देण्यात येत आहे. आपण दोन वर्षांत एकशे शहाऐंशी कादंबऱ्या वाचल्या.

नत्थूजींनी पत्र दोनदा वाचलं. विषय होता, संदर्भ होता, सही होती. पत्रात खोट काढायला जागा नव्हती. खोट त्यांच्यातच होती.

भानगड अशी. वाचनालयात कोकिळाबाई शिपाई होत्या. झाडणं, पुसणं, पाणी भरणं आणि चहा करणं, ही त्यांची कामं. कपाटं पुसता पुसता त्यांना वाचायचा नाद लागला. उभ्याउभ्या, एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात पुस्तक. पण घरी न्यायची सोय नव्हती. वाचनालयाचा नियम नऊ सांगायचा, 'कर्मचाऱ्यास पुस्तक घरी नेता येणार नाही.' हा नियम आधीच्या शिपायामुळे आला होता. त्याच्या शेळीनं ज्ञानकोशाचा तिसरा खंड 'ख'पासून 'ग'पर्यंत खाल्ला होता, आणि कमिटीनं शेळीवर कारवाई करता येईना म्हणून शिपायांवर केली.

नत्थूजी तिथं रोज पेपर वाचायला जात. एक दिवस कोकिळाबाई चहाचा कप ठेवत हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कार्डावर एक पुस्तक काढून द्या ना. दोन दिवसांत आनतो."

नत्थूजींनी दिलं. त्यात त्यांचं काय जात होतं? मग दुसरं दिलं, तिसरं दिलं. पुस्तक परत करताना सभासदानं वहीत एक ओळ अभिप्राय लिहायचा, अशी त्या वाचनालयाची रीत. कार्ड नत्थूजींचं, म्हणून अभिप्रायही नत्थूजींनाच लिहावा लागे. ते आपल्या जुन्या सवयीनं लिहीत, 'वाचले. हरकत नाही.'

आता ते तडक ग्रंथपाल ज्योत्स्नाताईंकडे निघाले. खरं सांगून टाकू, असं ठरवूनच निघाले. पण बसस्टँडवर पोचले तर तिथं दहा बाय सहाचा बॅनर लागलेला. 'आदर्श वाचक' आणि खाली त्यांचा फोटो. फोटोत हात गालाला लावलेला, जणू काही फार खोल विचार चाललाय. खरं तर तो फोटो दाढदुखीच्या वेळचा होता.

नत्थूजी बॅनरखालूनच मागं फिरले. खरं बोललो तर कोकिळाबाईची नोकरी जाईल, बिचारीसाठी गप बसलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी म्हटलं. वाक्य इतकं छान होतं की त्यांचा स्वतःचाही त्यावर जवळपास विश्वास बसला.

"घ्या ना भाऊ," कोकिळाबाईही म्हणाल्या. "मले काय कराचं शालीचं?"

पण सन्मानाला पाहुणी येणार होती लेखिका. वर्ध्याची मयुरी, पहिलीच कादंबरी गाजलेली. आदर्श वाचकानं त्या कादंबरीवर दोन शब्द बोलायचे होते. नत्थूजींनी ती उघडली. चौथ्या पानावर जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मग शिकवणी सुरू झाली. वाचनालयाच्या मागच्या पायरीवर कोकिळाबाई कप विसळत आणि सांगत. "गोदा नावाची बाई हाय, भाऊ. नवरा एकोनीस वर्सं झाली निघून गेला. ती धरनाजवळच्या गावात एकटी राह्यते. लोक म्हनतात दुसरं लगन कर. ती म्हनते, मी वाट नाई पाहून राह्यली, मी राग जपून राह्यली."

"हे कोणत्या पानावर हाय?" नत्थूजी पेन काढून विचारत.

"पान काऊन पाह्यता? बाई पाहा ना!"

"मंग शेवट?"

कोकिळाबाईंचा हात कपातच थांबला. "शेवटी दार वाजते. तोच येते. ती दार उघडते, लोटाभर पानी देते. तो पेते. मंग ती म्हनते, तहान भागली ना? आता जाय."

नत्थूजींनी लिहून घेतलं. 'पाणी दिले. जाण्यास सांगितले.'

रविवारी दुपारी हॉल भरला. पहिल्या रांगेत रुख्मिणीबाई, ठेवणीतल्या लुगड्यात आणि जरा संशयात. स्टेजवर अध्यक्ष पुंडलिकराव, शेजारी मयुरी. टेबलावर ती अभिप्रायाची वही, तिलासुद्धा हार घातलेला. नत्थूजींच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि समोर माईक.

आणि काय सांगावं, नत्थूजी बोलले! गोदा बोलले, राग बोलले, एकोणीस वर्षं बोलले. लोट्याशी आले तेव्हा मागच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. "तहान भागली ना? आता जाय!" असं म्हणून त्यांनी नारळ असा काही पुढं केला की पुंडलिकराव दचकून मागं सरकले. टाळ्याच टाळ्या. नत्थूजींना क्षणभर वाटलं, खरंच वाचली की काय आपण?

मयुरी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती माईकशी आली. "काका, छानच बोललात. फक्त हे पाण्याचं कुठल्या पानावर आहे?"

पान विचारलं तर नंबर सांगायचा, ही सदतीस वर्षांची सवय. नत्थूजींनी ठोकून दिलं, "पान नंबर दोनशे चौदा!"

"कादंबरी एकशे ब्याण्णव पानांची आहे, काका. आणि ती दार वाजतं तिथंच संपते. दार कुणी उघडत नाही. पाणी नाही, लोटा नाही."

नत्थूजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खाली बघावं तर रुख्मिणीबाई, वर बघावं तर स्टेजवर लावलेला आपलाच फोटो. तेवढ्यात कोकिळाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातून आत आल्या. आणि नत्थूजींनी, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या फायलीवर वाकडा शेरा मारला नव्हता, नारळासकट हात उचलून त्यांच्याकडे दाखवला.

"थ्या बाईनं सांगतलं मले असं! माह्या कार्डावर तीच पुस्तकं नेते!"

तीनशे माना वळल्या. ट्रेतले कप एकमेकांवर खुळखुळले. कोकिळाबाई नत्थूजींकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नजर असं म्हणत होती, की भाऊ, मी तुमाले असं समजली नव्हती.

पुंडलिकरावांनी हार बाजूला सारून वही उघडली. "वाचले, हरकत नाही," ते वाचू लागले. "वाचले, हरकत नाही. वाचले, हरकत नाही... अन् हे काय? 'वाचले. पुढील कार्यवाहीस्तव सादर.'" हॉल फुटला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. ज्योत्स्नाताईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजे नियम नऊ मोडला," पुंडलिकराव म्हणाले आणि हसणं थांबलं. "शिपायानं पुस्तकं घरी नेली. उद्याच्या मीटिंगमंदी निर्णय घ्या लागन."

मयुरी खाली उतरून कोकिळाबाईंसमोर गेली. "तुम्ही वाचलीत माझी कादंबरी?"

"चार डाव वाचली."

"मग ते पाणी?"

"थे तुम्ही लिवलं नाई, ताई. पन दार वाजलं ना? मंग कोनीतरी उठनच का नाई? मी तीन रात्री पाह्यलं, ती उठत नव्हती. चौथ्या राती उठली."

"मी मुद्दाम सोडलं होतं तिथं," मयुरी म्हणाली.

"सोडलं म्हनूनच तर झोप गेली माह्यी," कोकिळाबाई म्हणाल्या. "चहा घ्या, थंडा होते."

घरी जाताना रुख्मिणीबाई चार पावलं पुढं चालत होत्या. घरी पोचल्यावर एकच वाक्य बोलल्या. "खोटं बोलले थे चाललं असतं, अजी. तिच्याकडं बोट काऊन दाखोलं?"

नत्थूजींनी जे येत होतं ते केलं, अर्ज लिहायला घेतला. विषय: नियम नऊचा भंग मी केल्याबाबत. संदर्भ मात्र सापडेना. मग त्यांनी पहिल्यापासून लिहिलं. फडकं, पायरी, कप, बॅनर, दाढदुखी. लिहिता लिहिता नऊ पानं झाली, आणि त्यांना एकदाही जांभई आली नाही.

सकाळी ते वाचनालयात गेले. कोकिळाबाई झाडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"मीटिंगले द्याचा अर्ज हाय," नत्थूजी जमिनीशी बोलले. "आधी तुम्ही पाहा."

कोकिळाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि उभ्याउभ्या वाचू लागल्या. नत्थूजी उभे राहिले. आजवर त्यांच्या टेबलासमोर लोक असेच उभे राहत, आता ते स्वतः उभे होते. सातव्या पानावर कोकिळाबाई थांबल्या.

"'गडबडीत कोकिळाबाईंचे नाव निघाले.' नाव निघालं? लकी ड्रा होता काय भाऊ?"

नत्थूजींनी खिशातलं पेन काढलं. "नाई."

"मंग जसं झालं तसं लिवा."

त्यांनी खिडकीच्या पट्टीवर कागद ठेवला आणि ओळ खोडली. वर लिहिलं, 'मी त्यांच्याकडे बोट दाखवले. स्वतःला वाचवायला दाखवले.' सदतीस वर्षांत इतकं छोटं वाक्य लिहायला त्यांना इतका वेळ कधी लागला नव्हता. कोकिळाबाईंनी ते वाचलं, पान उलटलं, आणि आठव्या पानावर कशाला तरी खुदकन हसल्या. कशाला, हे विचारायची नत्थूजींची हिंमत झाली नाही.

मीटिंगमध्ये अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला गेला. पुंडलिकराव, जे मीटिंगमध्ये हमखास पेंगतात, जागे राहिले. ठराव झाला, कोकिळाबाईंची नोकरी राहील आणि नियम नऊ बदलेल: 'कर्मचाऱ्यास पुस्तक घरी नेता येईल, मात्र घरी शेळी नसावी.' नत्थूजींनी मागितल्याप्रमाणे त्यांचं कार्ड वर्षभर बंद झालं. शाल त्यांनी परत केली. नारळ रविवारी रात्रीच रुख्मिणीबाईंनी फोडला होता, तो परत करता आला नाही.

वहीत आता एकशे शहाऐंशी हरकती नसलेल्या ओळींखाली कोकिळाबाईंच्या हातची पहिली ओळ आहे. 'गोदानं लोटा त्याच्या हातात नाई देल्ला. उंबऱ्यावर ठेवला.'

बॅनर कुणीच काढला नाही. अल्लीपुरात बॅनर वाराच काढतो, आणि यंदा वाऱ्यालाही घाई नाही. नत्थूजी बसस्टँडला जायचं झालं की कापसाच्या जिनिंग मिलमागच्या गल्लीनं फिरून जातात. मयुरीनं जाताना दिलेली कादंबरी त्यांच्या उशाशी आहे.

"उघडलं काय गोदानं दार?" रुख्मिणीबाई रोज विचारतात.

"मी अजून तिसऱ्याच पानावर हावो," नत्थूजी भिंतीकडे तोंड करून म्हणतात. "आंगण झाडून राह्यली."