टोस्ट आणि खरवस

पाहुण्या संध्याकाळी पाचला यायच्या होत्या आणि सिंधूबाई जेवणं उरकल्यापासून स्टोव्हपाशी उभी होती. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांच्या लायनीत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. नवरा जालिंदर मालधक्क्यावर क्लार्क. त्याच्या हेडक्लार्कच्या पत्नी पार्वतीबाई आणि त्यांच्या नणंद ताईबाई लायनीतल्या प्रत्येक घरी चहाला जाऊन आल्या होत्या, फक्त या घरी नाही. परवा नळावर पार्वतीबाई आपण होऊन म्हणाल्या, "रविवारी येतो हो तुमच्याकडं." तेव्हापासून सिंधूबाईला दुसरं काही सुचत नव्हतं.

पोहे, शिरा सगळ्यांकडेच होतो. तिला काही वेगळं करायचं होतं. पलीकडच्या क्वार्टरमधल्या रोझीबाईंनी, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या बायकोनं, तिला अंजीर-चीजचा टोस्ट शिकवला होता. बेकरीतल्या पावाचे काप लोणी लावून तव्यावर खरपूस भाजायचे. गरम असतानाच वर चीजचा पातळ काप ठेवायचा, म्हणजे तो जरा मऊ पडतो. त्यावर अर्धं चिरलेलं अंजीर, मधाचा थेंब आणि मिऱ्याची पूड. पाच मिनिटांचं काम. चीजचा डबा जालिंदरनं पुण्याहून आणला होता, अंजिरं बाजारातच टोपलीनं आली होती.

पुढची खोली तिनं सकाळीच आवरली होती. दिवाळीत तिथं चुना लावला तेव्हा बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर तिनं आत स्वयंपाकघरात नेऊन टांगली होती. चुना केव्हाच वाळला होता. तसबिरी मात्र अजून आतच होत्या.

तीनच्या सुमारास दार वाजलं. दारात साळूबाई, तिची सासू. डोक्यावर गाठोडं, काखेत पितळेचा डबा. कवठे येमाईहून शिरूरला आणि शिरूरहून दौंडला, दोन एस्ट्या बदलून आलेली.

"मोरी म्हस याली," साळूबाई आत येता येता म्हणाली. "रेडी झाली. चिक इतका निघाला, म्हनलं ल्योकाच्या घरी खरवस झालाच पायजे. पहाटं गूळ-येलदोडा घालून वाफवलाय बघ."

"आत्या, आधी कळवायचं तरी."

"म्हस काय कळवून येती व्हय?"

तिनं डबा उघडला. पिवळसर, थरथरणारा खरवस काठोकाठ. वेलदोड्याचा वास घरभर झाला. सिंधूबाईच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच वेळी तिनं घड्याळाकडं पाहिलं.

साळूबाईचं लक्ष ओट्यावर गेलं. "ह्यो साबन कशाला कापून ठिवलास?"

"साबण नाही, चीज आहे. दुधाचंच असतं ते."

साळूबाईनं तुकडा नाकाशी नेला. "दुधाचं हाय, पर कवाचं?"

सिंधूबाईला हसू आलं. तेवढंच त्या दिवसाचं हसू.

"बरं, ताटल्या काढ," साळूबाई पदर खोचत म्हणाली. "घरातल्यानी आधी तोंड लावायचं न्हाई, आधी शेजारी. कवठ्याला तर आपल्या गल्लीच्या पल्याड आपला चिक कुनी घेत न्हाई, तुला ठावं हाय. हितं मातूर समद्या लायनीत वाटू. सरकारी घरं हायती, हितं कोन कुनाला इचारतंय?"

गावाकडची रीतच होती ती. चिकाचं नाहीतर खरवसाचं भांडं घेणाऱ्यानं धुवून परत द्यायचं नाही. धुतलं तर दूध आटतं म्हणतात. तळाशी मूठभर धान्य टाकायचं आणि तसंच द्यायचं. साळूबाईच्या डब्यात आजवर स्वतःच्याच गल्लीचं धान्य परत आलं होतं.

"आत्या, आज नको," सिंधूबाई म्हणाली. "आज माणसं येणार आहेत."

"मग त्यास्नीच देऊ की."

"त्यांच्यासाठी हे केलंय. उद्या बघू. तुम्ही दमलाय, आत जरा पडा."

साळूबाईनं सुनेच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. डब्यावर झाकण ठेवलं आणि पडद्यामागे जाऊन ट्रंकेला टेकून बसली.

पाहुण्या वेळेवर आल्या. पार्वतीबाई थोराड, मोकळ्या. ताईबाई बारीक, चौकस नजरेच्या. टोस्ट पाहून दोघीही हरखल्या.

"अगंबाई, हे कुठं शिकलात?" पार्वतीबाईंनी दुसरा उचलला. "आमच्याकडं पाव आला की चहात बुडवायचा, एवढंच."

सिंधूबाईनं सांगितलं. काप जाड नकोत, तवा फार तापवायचा नाही, अंजीर अगदी शेवटी. सांगताना तिचा आवाज नकळत रोझीबाईंसारखा झाला.

"गाव कुठलं म्हणालात तुमचं?" ताईबाईंनी विचारलं.

"शिरूरकडचं."

"शिरूरकडचं कुठलं?"

"आतलंच आहे, लहानसं," सिंधूबाई म्हणाली आणि ताटली पुढं केली. "घ्या ना अजून एक."

ताईबाईंनी घेतला. मग हात मधेच थांबवून त्यांनी नाक वर केलं. "वेलदोड्याचा वास येतोय. खरवस केलाय का?"

आतल्या खोलीत ट्रंकेपाशी कुणीतरी सावरून बसल्याचा आवाज झाला. काकणं वाजली. हाक आली की उठायचं, अशा बेतानं.

"नाही हो," सिंधूबाई म्हणाली. "शेजारी कुणीतरी काही करत असेल."

काकणं पुन्हा वाजली नाहीत.

पाहुण्या गेल्यावर ती आत आली, तर साळूबाईचं गाठोडं बांधून झालं होतं.

"राहा की आत्या. हे येतील आता ड्यूटीवरून."

"म्हशीची धार कोन काढंल?" साळूबाई उठली. डबा तिनं जागीच ठेवला होता. दाराशी जाऊन ती वळली. आवाजात राग नव्हता, समजूत होती. "बरं केलंस न्हाई म्हनलीस ते. आपुन पुढं करायचं आन् त्यांनी हात मागं घ्यायचा, त्यापरीस हे बरं. म्याच येडी."

सिंधूबाईला सांगायचं होतं की तसं नाही. खरवस गावठी वाटेल, टोस्टाशेजारी शोभणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं. शब्द ओठांवर आले. पण मागं स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या दोन तसबिरी होत्या आणि त्यांच्यापुढं ते वाक्य तिला पुरं करता येईना. सासू पायऱ्या उतरून गेली, तरी ती दारात तशीच उभी राहिली.

रात्री जालिंदरनं डबा उघडला. "आईनं आणला? मग तू खाल्ला का नाहीस?"

"आधी शेजारी द्यायचा असतो," ती म्हणाली आणि काय झालं ते सारं सांगितलं. जालिंदरनं ऐकून घेतलं. झाकण लावलं. डबा तिच्यापुढं सरकवला. तिनं परातीत गार पाणी घेऊन डबा त्यात ठेवला.

सोमवारी सकाळी डबा घेऊन ती पार्वतीबाईंच्या दारात गेली. ताईबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"सासूबाईंनी आणलाय," सिंधूबाई म्हणाली. "काल घरातच होता. सासूबाईपण घरातच होत्या. मी खोटं बोलले." आणि श्वास न घेता तिनं पुढचं सांगून टाकलं, "आमचं गाव कवठे येमाई. आम्ही बौद्ध आहोत."

पार्वतीबाईंनी डबा हातातून घेतला. "अहो, तुमची बदली झाली तेव्हाच ऑफिसात चर्चा झाली होती. ते लपतंय का कुठं? मी माहीत असूनच आले होते." त्यांनी तिथंच बोटानं तुकडा मोडून तोंडात टाकला. "म्हातारीला का नाही हो बोलावलंत बाहेर?"

सिंधूबाईची मान खाली गेली. तिला वाटलं, त्यांनी डबा परत केला असता तर मान इतकी खाली गेली नसती.

"ताई, घे," पार्वतीबाई नणंदेला म्हणाल्या.

"माझा सोमवार आहे."

"खरवस चालतो की उपासाला."

"मला नाही चालत," म्हणून ताईबाई सूप उचलून आत गेल्या. काल चार टोस्ट खाल्लेल्या बाई. त्यांचा सोमवार खरंच असेलही. सिंधूबाईनं त्यावर मनातसुद्धा काही म्हणायचं टाळलं. खोटं बोलण्यात कालच ती त्यांच्या पुढं गेली होती.

संध्याकाळी डबा परत आला. न धुतलेला, तळाशी मूठभर गहू. सिंधूबाईनं दिवा लावायच्या आधी तसबिरी पुढच्या खोलीत टांगल्या. खिळे जिथल्या तिथंच होते.

पुढच्या रविवारी ती कवठ्याला गेली. पिशवीत तो डबा, उरलेलं चीज, पाव आणि अंजिरं. साळूबाई गोठ्यापुढं शेण भरत होती. हात धुवून तिनं डबा उघडला आणि आत पाहत राहिली.

"कुनाचं गहू?"

"पार्वतीबाईंचे. त्यांनी खाल्ला. ताईबाई उपास म्हणाल्या."

"व्हय," साळूबाई म्हणाली. तिला नवल वाटलं नाही, ना एकीचं ना दुसरीचं. गहू तिनं पदरात ओतून घेतले.

"आत्या, त्या दिवशी त्यांनी खरवस विचारला तेव्हा मी–"

"ऐकलं म्या. पडदा हाय त्यो, भित न्हाई."

सिंधूबाई खाली बघत राहिली. म्हैस रवंथ करत होती. साळूबाईनं पिशवीत डोकावून विचारलं, "ते साबनाचं उरलंय का? कर बघू. कसं करत्यात ते तरी कळू दे."

चुलीवर तवा ठेवून सिंधूबाईनं टोस्ट केले. चुलीचा जाळ तिच्या सवयीचा राहिला नव्हता; पहिला करपला, दुसरा बरा झाला. ताटली सासूपुढं ठेवली, तर तिनं ती तशीच मागं सारली.

"घरातल्यानी आधी न्हाई. सारजाबाईला दे जा. समोरचं दार." आणि सून उठली तशी मागून म्हणाली, "सांग तिला, माझ्या सुननं केलंय म्हनावं. सून हाय म्हनावं माझी, दौंडाची."

सिंधूबाई ताटली घेऊन गल्लीत आली. समोरचं दार चार पावलांवर होतं. सारजाबाई उंबऱ्यात बसून डोळे बारीक करून तिच्याकडंच पाहत होती; तिला आता फारसं दिसत नव्हतं. "कोन गं तू?" म्हणून तिनं विचारलं. सिंधूबाईनं ताटली पुढं केली आणि म्हणाली, "साळूबाईची सून, दौंडाची. मीच केलंय."