न वाजवलेली रेकॉर्ड

"कडेनं धर. मध्ये बोट लावू नकोस, हात कितीही स्वच्छ असले तरी."

रेकॉर्ड हातात घेतली की दादाचा आवाज अजून कानात येतो. त्याला जाऊन आठ महिने झाले.

दादा पोस्टात पत्रं वेगळी करायचा आणि उरलेल्या आयुष्यात रेकॉर्डी जमवायचा. त्याही कसल्या, तर पुढे जगभर नाव झालेल्या रॉक गायकांच्या पहिल्यावहिल्या बँडच्या. जुन्या प्रती दुर्मीळ, म्हणून नव्यानं छापलेल्या. "नाव झालेला तर सगळीकडे ऐकू येतो," तो म्हणायचा, "मला त्याच्या मागचे तिघं ऐकायचेत." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या जपाच्या वेळी मात्र तो न सांगता आवाज बंद करायचा.

अशाच एका गायकाच्या मागच्या तिघांतला एक आमच्याच रस्त्यावर राहतो. दादाचा शाळेतला मित्र, ढोल्यादादा. त्यांच्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली, ड्रम त्याचे. गायक कुठल्या कुठे पोचला. हा लिफ्ट दुरुस्त करत राहिला. त्याची प्रत घरं बदलताना हरवली. आता एक कान गेलाय, दुसराही जाणार, डॉक्टरांनी सांगून टाकलंय.

दादाकडे मूळ प्रत होती, एकदाही न वाजवलेली. सुईनं झिजेल म्हणून तो नवी आवृत्ती निघायची वाट बघत राहिला. ती गेल्या आठवड्यात आली. गायकानं तिच्यात ड्रम दुसऱ्याकडून नव्यानं वाजवून घेतले होते. मागच्या बाजूला नावं होती, ढोल्यादादाचं नव्हतं.

मग मी जुनी काढली. ढोल्यादादाला फोन करून सांगितलं, "शनिवारी येते. तुझं वाजवणं ऐकवते. नक्की."

"धाकटे, मग दाढी करून बसतो," तो म्हणाला. "लग्नातसुद्धा केली नव्हती."

शुक्रवारी ती तपासून घ्यायला रेकॉर्डवाल्याकडे गेले, ढोल्यादादाचं सगळं सांगितलं. त्यानं ती दिव्याखाली तिरपी धरली. काळ्यावर दुधाळ थर होता.

"ताई, ही पिशवी कुणी घातली?"

"दादानं. धूळ बसू नये म्हणून. बत्तीस वर्षं काढली नाही."

"तिनंच खाल्लं हिला. हे मऊ प्लास्टिक वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की रेकॉर्ड जळते. धुऊन जात नाही."

त्यानं लावून दाखवली. तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी कुणीतरी गात असावं. ड्रम नाहीत. दोन्ही बाजू ऐकल्या.

"दुसरी मूळ प्रत?"

"पाच वर्षांत बघितली नाही." त्यानं रेकॉर्ड परत दिली. "नवी लावा की. एका कानानं त्याला काय फरक कळणार?"

"खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे."

"बोलायचं कुठंय? नुसती लावायची."

रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. नुसती लावायची. तो मान हलवील, बोटं मांडीवर आपटील, दुसऱ्याच कुणाच्या ठोक्यांवर. सकाळी जपात तीनदा मोजणी चुकली, तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली.

सांगायचं काय, ते अजून सुचलेलं नाही. दादाचा पेटीसारखा छोटा प्लेअर पुसला, पिशवीत ठेवला. नवी कपाटात राहू दिली. जळकी घेतली, दार ओढलं आणि जिना उतरायला लागले.