दुमडलेलं मैदान

बसा इथं हीटरजवळ, कॉफी घ्या. कोल्बी ड्रॉझ्डाची गोष्ट सांगतो. गोड बोलण्यानं एका पोराचं कसं वाटोळं झालं, ती.

कोल्बी आपल्या गावच्या, बर्फावरच्या हॉकी टीमचा गोलकीपर. वीस वर्षांचा, म्हणजे ज्युनियरमधलं शेवटचं वर्ष. टीमकडे गोलकीपर होते तीन आणि शुक्रवारी दुपारी लीगला नावं जायची ती दोघांची. तिसऱ्यानं सामान भरायचं न्‌ घरी जायचं.

मर्व्ह हलुश्चाक गोलकीपरांना शिकवायचा. तोंडाचा फाटका माणूस. आदल्या वर्षी सामन्यांच्या आकड्यांची चित्रं काढून देणाऱ्याला तो काय बोलला देव जाणे, गडी अर्ध्या मोसमात पळाला. मग क्लबवाल्यांनी मर्व्हला शिकवणीला बसवलं. चूक सांगायची ती दोन कौतुकांच्या मधे घालून सांगायची. मर्व्हनंही ते मनावर घेतलं.

पळालेल्याच्या जागी आलेल्या नव्या पोरीचं नाव ब्रिन. बुधवारी तिनं चित्र आणलं. कोल्बीवर झालेला एकेक गोल, फटका जिथून आला तिथं ठिपका. त्याच्या डाव्या हाताला, झेलायच्या हातमोज्याच्या बाजूला, लालभडक ढीग. मर्व्ह बघतच राहिला. पोराचा डावा हात तर मांजरासारखा चपळ.

मग त्याच्या ध्यानात आलं. सामन्याचे तीन पिरियड, दुसऱ्याला टीम टोकं बदलतात. सगळे गोल एकाच जाळ्यासमोर दाखवायचे तर त्या पिरियडचं मैदान अर्धा फेरा फिरवून घ्यायला लागतं. ब्रिननं ते मधल्या रेषेवर चादरीसारखं दुमडलं होतं. दुमडलं की उजवीकडचं डावीकडं येऊन पडतं. नीट फिरवलं असतं तर निम्मे ठिपके इकडं, निम्मे तिकडं, कुणाही गोलकीपरसारखे.

जुना मर्व्ह तिथंच ओरडला असता. पण त्याला शिकवणी आठवली.

"रंग झकास घेतलेस हं," तो म्हणाला. "ते दुसऱ्या पिरियडचं फिरवणं तेवढं एकदा बघशील का, सवडीनं? आणि अक्षरं जरा मोठी कर. बाकी फक्कड."

"करते की. मला वाटलं, फाडूनच टाकाल."

तिनं अक्षरं मोठी केली. फिरवणं सवडीवर ठेवलं, त्यानंच तसं सांगितलं होतं. चित्र मुख्य कोच रस्ककडे धाडलं आणि खाली लिहिलं, मर्व्हला आवडलं.

शुक्रवारी संध्याकाळी मर्व्ह पॅड वाळत घालत होता. कोल्बी सगळं सामान भरलेली बॅग खांद्यावर घेऊन दारात उभा.

"माझी डावी बाजू कच्ची आहे म्हणे. तुम्ही कधी बोलला नाहीत."

मर्व्ह तसाच रस्ककडे धावला. रस्कनं ऐकून घेतलं, चित्र परत बघितलं, डोकं धरून बसला. नावं गेली होती, फिरवता येत नव्हती. "मग फक्कड कशाला म्हणालास रे?" एवढंच त्यानं विचारलं.

ब्रिननं रडत रडत चित्र नवं केलं. ते घेऊन मर्व्ह कोल्बीच्या घरी गेला, सगळं समजावलं. पोरगं हसलं. म्हणालं, "मर्व्ह, तुम्ही हल्ली सगळ्यांशी गोडच बोलता."

आता कोल्बी आपल्याच रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. जाळ्यात उभा राहत नाही. काही फेकलं तर उजव्या हातानं झेलतो, निम्म्या वेळा पाडतो.

उद्यापासून तुम्ही रिंकवर कामाला, किल्ल्या तुमच्या ताब्यात; तो तुमच्याकडं यंत्राच्या किल्ल्या मागेल. तेवढ्या त्याच्या डाव्या हाताकडं फेका.