मजकूर नसलेली पानं

आप्पांनी पुठ्ठ्याची पट्टी पुस्तकावर आडवी ठेवली, चष्मा वर सारला आणि टेबलापलीकडे बसलेल्या आपल्या मुलीकडे न बघताच सुरुवात केली.

"हे दीपगृहातल्या दोन भावांचं. बरं आहे. पण धाकटा फार बोलतो."

"आप्पा, तिथे दोघंच राहतात. एकाने तरी बोलायला नको?"

"थोरला गप्प असतो, ते मला पटलं," म्हणत त्यांनी चळतीतलं पुढचं कॉमिक ओढलं. "हा उडणारा. शहर वाचवतो, ठीक आहे. पण घरी जेवायला कधी जातो ते कुठेच नाही. बायको वाट बघून कंटाळली असेल."

"त्याला बायको नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

मुलगी हसली. आप्पांना जरा धीर आला. मांजराच्या गोष्टीबद्दल ते म्हणाले की ही आवडली, पण का ते सांगता येणार नाही.

"प्रयत्न तरी करा."

"मांजर म्हातारं होत जातं, पण घरात कुणी तसं बोलून दाखवत नाही," आप्पा म्हणाले, आणि आपण भलतंच काही बोललो की काय म्हणून पट्टी चाचपू लागले.

महिनाभर ते वाचनालयातून कॉमिक्स आणत होते. काउंटरवरच्या बाईंनी पहिल्या खेपेला विचारलं होतं, "नातवाला का?" "नाही, मलाच," असं सांगताना त्यांचे कान तापले होते. तेव्हापासून बाई नवी आलेली कॉमिक्स त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या, आणि त्यांना आणखीच ओशाळल्यासारखं होऊ लागलं. पण इलाज नव्हता. मुलगी स्वतः कॉमिक्स काढायची, आणि तिने आपल्या नव्या पुस्तकाच्या झेरॉक्स त्यांच्या हाती दिल्या होत्या. पुस्तक घरातलंच होतं, तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाचं. "वाचा आणि मत सांगा," ती म्हणाली होती. "तुम्ही नको म्हणालात तर छापायला देणार नाही."

मत द्यायची आप्पांना सवयच नव्हती. सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेली. तिथे चूक दाखवायची असते, पुस्तक कसं आहे ते कुणी विचारत नाही. म्हणून त्यांनी आधी लोकांची कॉमिक्स वाचून हात बसवायचं ठरवलं. आता चळत संपली होती. खाली फक्त झेरॉक्स उरल्या होत्या, आणि पानं उद्या प्रकाशकाकडे जायची होती.

"चहा टाकू का?" आप्पांनी विचारलं.

"आत्ताच झाला. बोला."

त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा सरळ केला. कडा जुळल्या होत्या तरी पुन्हा ठोकून जुळवल्या.

"शुद्धलेखनाच्या चुका फारशा नाहीत. दोन-तीन आहेत, खुणा केल्यात. डॉक्टरांचं बोलणं हुबेहूब उतरलंय." ते थांबले. "शेवटी मात्र बरीच पानं कोरी आहेत. तो मजकूर अजून यायचाय ना?"

टेबलावरचा उलटा पडलेला चमचा मुलीने सुलटा केला.

"कोरी नाहीत, आप्पा. पुस्तक पूर्ण आहे."

"पण त्यात शब्दच—"

"तुम्ही चित्रं बघितलीत का?"

"बघितली की."

"बरं." ती उठली. "पुस्तकाचं काय ते रात्रीपर्यंत सांगा. नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही."

ती आपल्या कामाच्या टेबलाकडे गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. रुसणार नाही असं तिची आईही म्हणायची, आणि अगदी याच आवाजात.

आप्पा झेरॉक्सकडे बघत राहिले. चित्रं बघितली हे त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, निदान सांगताना तसं वाटलं नव्हतं. छापखान्यात प्रूफ यायचं तेव्हा चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट असायची. चित्राचा ठसा मागाहून बसायचा, तोवर प्रूफ पुढे गेलेलं असे. चौकट आली की पट्टी तिच्यावरून खाली सरकवायची आणि पुढची ओळ धरायची, हे डोळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की या महिनाभरातही ते पात्रांच्या बोलण्याच्या एका फुग्यावरून दुसऱ्या फुग्यावर उड्या मारत गेले होते. दीपगृह कसं दिसत होतं? त्यांना आठवेना. मांजर कुठल्या रंगाचं होतं, तेही सांगता आलं नसतं.

त्यांनी पट्टी उचलून खिशात घातली आणि शब्द संपत होते तिथलं पान काढलं.

खोली त्यांच्याच घरातली होती. खाट, औषधांचं स्टूल, खिडकी. खाटेवर ती. मुलीने तिचा चेहरा अगदी थोड्या रेषांत काढला होता, त्या रेषांवर त्यांना बोट ठेववेना. पहिल्या चौकटीत मुलगी तिला चमच्याने पाणी पाजत होती. पुढच्या चौकटीत उशी नीट करत होती. मग तेल, मग खिडकी बंद करणं. प्रत्येक चौकटीत मुलगी खिडकीच्या बाजूला होती आणि आईचं तोंड मात्र दुसरीकडे. इतकं करणाऱ्या पोरीकडे पाठ का फिरवली असेल हिने, आप्पांना वाटलं. मग त्यांना दिसलं की दुसरीकडे दार होतं.

दार मिटलेलं होतं. दाराखाली फट होती, फटीतून घरातल्या बोळातला उजेड येत होता आणि त्या उजेडात दोन पाय होते.

त्यांनी पान उलटलं. पुन्हा खोली, पुन्हा पाय. मुलीचे कपडे बदलत होते, खिडकीबाहेरचं झाड आधी भरलेलं होतं, मग उघडं झालं. पाय तिथेच.

आत जाऊन बोलायचं काय, हे त्यांना त्या दिवसांत शेवटपर्यंत सुचलं नव्हतं. दारापर्यंत जायचे, आतला खोकला थांबेपर्यंत उभे राहायचे आणि परत फिरायचे. एकदा बोळात मुलगी समोर आली तेव्हा म्हणाली होती, "आत या ना." "झोपू दे तिला," ते म्हणाले होते. त्यानंतर तिने कधी बोलावलं नाही. बाप दाराशी येतच नाही अशी तिची समजूत झाली असावी, असंच ते आजवर धरून चालले होते.

शेवटच्या पानावर खाट रिकामी होती. फटीत नुसता उजेड होता.

मग पाय असलेलं एक पान घेऊन आप्पा मुलीच्या टेबलाशी गेले. ती शाईचा ब्रश धूत होती. तिने वर पाहिलं नाही.

"इथे एक चूक आहे," आप्पा म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी बोट ठेवलं. "पायात चपला दाखवल्यास तू."

"मग?"

"चपला नसायच्या. वाजतात म्हणून बोळाच्या तोंडाशीच काढून ठेवायचो."

ब्रशमधलं पाणी टेबलावर ठिबकलं. तिने ते पुसलं नाही. खणातून मूळ पान काढलं, दिव्याखाली धरलं, आणि पांढऱ्या रंगाची बाटली उघडून चपलांवर बारीक हात फिरवू लागली. एक गेली, मग दुसरी.

"मला वाटायचं, चपलांच्या आवाजावरून तिला कळतं," ती म्हणाली.

आप्पांनी खुर्चीची पाठ धरली. विचारू की नको, असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं.

"कळायचं का तिला?"

मुलीने बाटलीचं झाकण लावलं.

"थंडीत त्या फटीतून वारा यायचा. मी कापडाची गुंडाळी करून फटीला लावायला घेतली. तिने लावू दिली नाही. तिच्या पायांना कापरं भरायचं, तरी लावू दिली नाही."

पानावर पांढरा रंग ओला चमकत होता. तो वाळेपर्यंत दोघंही त्याच्याकडेच बघत राहिली.

"ही चूक बाकीच्या पानांवरही दुरुस्त करावी लागेल," आप्पा शेवटी म्हणाले. "पानं उद्या द्यायची ना?"

"द्यायची?" तिने विचारलं.

"चुकीसकट नको."

तिने ब्रश शाईत बुडवला आणि पानावर टेकवता टेकवता थांबली.

"अनवाणी पाय कसे दिसत असतील? जवळजवळ, की एक पुढे?"

आप्पांना आठवेना. त्यांनी चपला काढल्या, टेबलाखाली जोडीने ठेवल्या आणि बोळ ओलांडून त्या खोलीच्या मिटलेल्या दाराशी गेले. आत आता कुणी नव्हतं. तरी दाराला धक्का लागणार नाही, एवढं अंतर राखून ते उभे राहिले.

"हं," मुलगी मागून म्हणाली. "असेच राहा."